शिसवीला मानवेल ते

वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने दिवाळीआधी दाराला पॉलिश काढलंय. सकाळपासून जिन्यातून स्पिरिटचा वास उतरतोय. पॉलिशवाला मोबाइलवर गाणी लावून काम करतो. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या शांततेत त्याच्या काचपेपरची खरखर ऐकू येते.

पाऊस जाऊन थोडेच दिवस झालेत. मलंगगडाचा डोंगर अजून हिरवा आहे, पण कडेने पिवळा पडायला लागलाय. गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल बघता बघता कडक होतो. अंबरनाथमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला वासांचं फारसं काही वाटत नाही. एमआयडीसीकडून वारा आला की आम्ही खिडकी लावून घेतो आणि पुढचं काम करतो. पण स्पिरिटमध्ये विरघळलेल्या लाखेचा वास आला की मला तो एक आश्विन आठवतो. आठवतो म्हणजे चित्रं दिसतात. मी गोळ्या काढून देतेय, मी कपडे पिळतेय, मी गुडघ्यांवर बसून गिटारच्या पाठीवर पुरचुंडी फिरवतेय. मी काय करत होते ते सगळं दिसतं. मला काय वाटत होतं, ते मात्र कुठेच दिसत नाही.

विजय, माझा नवरा, पॅटर्नमेकर. लोखंडाचा ओतीव भाग करायच्या आधी त्याचं लाकडी रूप करावं लागतं. ते वाळूत दाबायचं, उचलायचं, आणि राहिलेल्या खळग्यात लोखंड ओतायचं. विजयने आयुष्यभर ती लाकडी रूपं केली. पंपाची पाती, गिअरची खोकी, झडपा. लोखंड जगभर जायचं आणि लाकूड फाउंड्रीच्या मांडणीवर धूळ खात बसायचं. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस जेवताना म्हणाला, "एक तरी वस्तू अशी करीन म्हणतो, जी लाकूड म्हणूनच राहील."

तरुणपणी तो गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्यामुळे वस्तू कुठली, हे मला विचारावं लागलं नाही.

लाकूड त्याने जमेल तसं गोळा केलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका मोडक्या पलंगाची शिसवी पाठ मिळाली, तिची गिटारची पाठ आणि बाजू झाली. बारवी धरणाच्या अंगाला त्याच्या मामाचं गाव. तिथलं जुनं घर पाडलं तेव्हा दाराच्या चौकटीचा सागवान आणला होता, त्याची मान झाली. पुढची पाटी तेवढी विकत आणलेली, परदेशी स्प्रूसची, दुधावरच्या सायीच्या रंगाची. एका पावसाळ्यात त्याने गिटार उभी केली. आतली खोली भुशाने भरलेली असायची. पोळीतसुद्धा भुसा लागतो, अशी मी कुरकुर करायची, आणि तो म्हणायचा, "सागवान आहे, पचेल."

गिटार कोरीच होती, पॉलिश व्हायचं होतं. हवा कोरडी झाल्याशिवाय लाखेला हात लावायचा नाही म्हणून तो थांबला होता. मानेला तेवढं त्याने अळशीचं तेल चोळून ठेवलं होतं.

गणपतीचे दिवस होते. सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि त्याच्या डाव्या हातातला कप पडला.

"अहो, सुटला कसा?"

तो हाताकडे बघत होता. "मी धरलाय ना," म्हणाला.

कप फरशीवर फुटलेला होता आणि त्याची बोटं अजून कान धरल्यासारखी वळलेली होती.

मेंदूत गुठळी. दवाखाना, सलाइन, रिपोर्ट. तो बोलत होता, ओळखत होता, थोड्या दिवसांनी काठीने चालायलाही लागला. हातही हलायचा. पण कोपराच्या खाली त्याला काही कळायचं नाही. गरम, गार, टोचलेलं, धरलेलं, काहीच नाही. डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी त्याच्या तळहातावर किल्ली ठेवली आणि विचारलं, "काय आहे हातात?" तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "काही ठेवलंय का?"

गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात. तारा दाबायचा हात.

आम्ही घरी आलो. मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. शिवण उलटी करून बोटांनी चाचपायची, टाका सुटलाय का बघायचं. आठवडाभराने मी कामावर गेले. मालकीणबाई, त्यांना आम्ही दीदी म्हणतो, म्हणाल्या, "नीला, तू बहुत मजबूत है." मी हो म्हटलं. मजबूत वगैरे काही नव्हते. मी नुसती करत होते. सकाळी उठून त्यांची अंघोळ, व्यायाम, डबा, शेअर रिक्षा, शिवणी, परत रिक्षा. मंगळवारी आणि शुक्रवारी बदलापूरला फिजिओथेरपी. तिथे एक मुलगी त्यांच्या तळहातावर ब्रश फिरवायची आणि विचारायची, "काका, आता?" ते मान हलवायचे. बाहेरच्या बाकावर बसून मी समोरच्या दुकानाची पाटी वाचत असे. दर वेळी तीच पाटी, आणि काय लिहिलं होतं ते आज सांगता येणार नाही.

(लिहिताना मी त्यांना मध्येच 'तो' म्हणते, मध्येच 'ते'. तोंडावर अहो, मनात विजय. राहू दे तसंच.)

गिटार आतल्या खोलीत, माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून टांगलेली होती. तो त्या खोलीत जात नव्हता.

मुक्ता, आमची मुलगी, पुण्याला नोकरी करते. रविवारी आली की घर आवरायची. त्या रविवारी तिने साडी सोडून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, ही अशी ठेवली तर खराब होईल. डाग पडतील. फर्निचर बाजारात देऊ ना, पीयू पॉलिश मारून देतील. एका दिवसात होईल."

"बाहेर द्यायची नाही," तो म्हणाला.

"मग कोण करणार?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. उजव्या हाताचं.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. मी फक्त मनाशी म्हटलं, ठीक आहे, शुक्रवारच्या फिजिओनंतर तासभर मिळेल. जसं रेशन आणायचं असतं तसं.

पॉलिशचं सामान विकणारे परसूदादा कॅम्पातल्याच एका गल्लीत बसतात. सिंधी, पांढऱ्या मिशा, डब्यांच्या उतरंडीत अर्धे झाकलेले. विजय त्यांच्याकडूनच सगळं आणायचा, हे मला माहीत होतं, पण मी पहिल्यांदाच गेले होते.

"बोलो भाभी, किस चीज पे लगाना है?"

"गिटार."

"अरे, गिटार! पीयू ले जाओ. ग्लास जैसा चमकेगा. पाणी पडा, चाय पडा, कुछ नही होगा."

विजयने सांगितलेलं मी पाठ केलं होतं. शिसवीत तिचं स्वतःचं तेल असतं, त्यावर पीयू सरळ मारलं तर चिकटच राहतं. मानेला अळशी लावलीय, त्यावर लॅकर धरणार नाही. शिवाय लॅकर फवारायला लागतं, आणि घरात आजारी माणूस. मला लाख हवी, बिनमेणाची, म्हणजे पुढेमागे वर काही द्यायचं झालं तरी अडायला नको.

परसूदादांनी चष्मा वर केला. "ये तो विजयभाऊ बोलता है. तुम विजयभाऊ की..."

"हो."

"खुद क्यों नही आया?"

मी सांगितलं. शिवणीतला दोष सांगतात तसं, कुठे आणि किती. ते बराच वेळ एक डबा दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर ठेवत राहिले. मग आतून लाखेच्या पापुद्र्यांची पिशवी आणली आणि स्वतःच्या धुतलेल्या बनियनचा एक तुकडाही. "नया कपडा मत लेना. नया कपडा रेशे सोडता है. पुराना चांगला." आणि मी पायरी उतरताना मागून म्हणाले, "उसको बोलो, हवा अच्छी है अभी."

मी लगेच गिटारवर लावायला निघाले होते. विजयने थांबवलं. "आधी तुकड्यांवर."

त्याने सगळे उरलेले तुकडे ठेवले होते. शिसवीचे, सागाचे, स्प्रूसचे. घरात लॅकर आणि पीयूचे जुने डबे होते, तळाशी थोडं थोडं उरलेलं. त्याने मला सगळं सगळ्यावर लावून बघायला लावलं. मला ते निरर्थक वाटलं. लाखच लावायची हे ठरलंय तर बाकीचं कशाला?

"लाखच का, ते तुला कळायला पाहिजे. मी सांगितलं म्हणून नको."

गॅलरीच्या कठड्यावर तुकडे मांडले. अळशीच्या तेलावर दिलेलं लॅकर दुसऱ्या दिवशी तापवलेल्या दुधाच्या सायीसारखं सुरकुतलं. शिसवीवरचं पीयू चार दिवसांनीही बोटाला चिकटत होतं आणि एक माशी त्यात कायमची अडकली. स्प्रूसवर चोळलेलं तेल आत जिरून लाकूड ओलं, मळकट दिसायला लागलं, विजयने तो तुकडा कानाजवळ धरून टिचकी मारली आणि म्हणाला, "मेला आवाज." लाख मात्र तिन्हीवर बसली. तेलावर, तेलकट लाकडावर, कोऱ्यावर.

"सगळ्यांना मानवते," तो म्हणाला. "पण तिला काही मानवत नाही. घाम नको, पाणी नको, गरम कप नको."

"म्हणजे माझ्या सासूबाई," मी म्हटलं.

तो हसला. त्या आजारपणात पहिल्यांदा. मला आठवतं, मी ते बघितलं आणि आत कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेले.

शिसवीचाच भुसा लाखेत कालवून आम्ही तिची छिद्रं बुजवली. मग पुरचुंडी. आत कापूस, बाहेर परसूदादांचं बनियन, लाख शोषून ओलसर, पण पिळली तर थेंब पडणार नाही इतकीच. वर तेलाचं एक बोट, सरकावी म्हणून. आठाच्या आकड्यासारखी फिरवायची. विजय प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा, डावा हात मांडीवर ठेवलेला, आणि बोलत राहायचा.

"दाब नको. थांबू नको. उचलताना विमानासारखं उचल. थांबलीस की खालचा हात, आधीचा थर, विरघळतो."

मी थांबले. पुरचुंडी चिकटली आणि पाठीवर माझ्या तळव्याएवढा व्रण उठला. तो वाळू दिला, घासला, पुन्हा सुरू केलं. त्यानंतर बाजूंवर फिरवताना ते झालं. शिसवीचा तांबडा रंग स्पिरिटमध्ये सुटला आणि सायीच्या रंगाच्या पाटीच्या कडेवर ओघळला. नखावरून कुंकू पसरावं तसा.

"अगं काय करतेस! पांढरं आधी बंद करायचं, सांगितलं नव्हतं?"

"नव्हतं सांगितलं."

"सांगितलं होतं! तुझं लक्षच नाही. कशातच लक्ष नाही तुझं. मला अंघोळ घालतेस तीसुद्धा भांडी घासल्यासारखी."

मी पुरचुंडी वर्तमानपत्रावर टाकली. "मग काय करू? गाणी म्हणू? तुमचा हात गेला, माझं सगळंच गेलंय कुठेतरी. मला काही वाटत नाही. सकाळी उठते तेव्हा वाटत नाही, झोपते तेव्हा वाटत नाही. तुम्ही मेला असतात तरी मी डबाच भरला असता."

हे मी बोलले. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. विजय उठला, काठी न घेता, भिंतीला धरून गिटारपाशी आला आणि पाठीवर डावा हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"मला लागतच नाही गं हे," तो म्हणाला. "गुळगुळीत झालंय का?"

"झालंय."

"हात न लावता सांगतेस."

मी हात लावला. झालेलं नव्हतं. मधोमध, जोडापाशी, बारीक खरखर होती, मांजराच्या जिभेसारखी. तसं मी म्हटलं. तो म्हणाला, "आणि कडेला?" कडेला पाण्यात भिजलेल्या साबणासारखं होतं. "खाली?" खाली ताज्या केळीच्या पानासारखं, पण एक शीर लागत होती.

"शीर नाही, ती रेषा लाकडाची. राहू दे. खरखर तेवढी काढू."

त्या दिवसापासून ते काम झालं. मी पुरचुंडी फिरवायची, हात पुसायचा, आणि बोटांना काय लागतंय ते सांगायचं. तो डोळे मिटून ऐकायचा. कारखान्यात मी कित्येक वर्षं चाचपत आले होते, पण तिथे दोनच शब्द होते, पास आणि रिजेक्ट. इथे मला शब्द शोधावे लागले. मला त्यातून काही वाटायला लागलं असं नाही. तसं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. फक्त दिवसातला तेवढा वेळ मी जिथे होते तिथे असायचे.

ओघळलेला रंग काचेच्या तुकड्याने खरवडून काढला. पांढऱ्या कडेला आधी ब्रशने लाख दिली, मग शिसवीला. पाचव्या की सहाव्या हाताला परतीचा पाऊस आला, दुपारीच अंधारून, आणि वाळत असलेल्या पाटीवर धुक्यासारखी पांढुरकी झाक धरली. मी विजयकडे बघितलं. तो म्हणाला, "गेली असं समजू नको. हवा सुकली की स्पिरिटचा हलका हात दे, जाईल." दोन दिवसांनी गेली. खालून स्प्रूसच्या उभ्या रेषा वर आल्या, भांग पाडल्यासारख्या.

दिवाळीत मुक्ता आली तेव्हा गिटारला तारा लावल्या होत्या. तिने ती खिडकीपाशी नेऊन फिरवून बघितली. शिसवीच्या पाठीत तिचा चेहरा दिसत होता, थोडा लांबट. "आई, तू केलंस हे?" विजय खुर्चीत बसला. तिने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने डावा हात मानेभोवती नेला, बोटं तारांवर आली, आणि त्याने उजव्या हाताने तार छेडली. मेलेला, ठप्प आवाज आला. बोटं नीट दाबली गेली नव्हती आणि ते त्याला कळलं नव्हतं. त्याने पुन्हा केलं. मग डावा हात काढून घेतला आणि सगळ्या तारा मोकळ्याच छेडल्या, वरपासून खालपर्यंत. आवाज खोलीभर राहिला. मुक्ताने करंजीचं ताट पुढे केलं आणि आम्ही खाल्लं.

हात परत आला नाही. डॉक्टरांनी म्हटलं होतं येईलही, नाहीही. मनगटाच्या वर थोडं आलं, तिथे त्याला गार-गरम कळतं. फाउंड्रीने त्याला सांभाळून घेतलं नाही, पण यंत्रांच्या भागांचे नकाशे तपासायचं काम त्याला दुसरीकडे मिळालं. गिटार मुक्ता पुण्याला घेऊन गेली. ती शिकायला लागली. फोनवर वाजवून दाखवते, बाप चुका सांगतो, ती चिडते.

या वर्षी ती दिवाळीला चार दिवस आधीच आली. गिटार बरोबर. तिच्या उजव्या हाताचा घाम जिथे टेकतो तिथे पाटीची लाख मंद झालीय, धूसर, बोटाला चिकट. "बिघडली का, बाबा?" तिने विचारलं. विजय म्हणाला, "लाख बिघडत नाही. नवी लाख जुनीला विरघळवून आत घेते. सांधा दिसत नाही."

आज सकाळी मी डबा भरत होते. वरून पॉलिशवाल्याची गाणी येत होती. आतल्या खोलीत बघितलं तर विजय जमिनीवर बसलेला. गिटार चादरीवर आडवी, तिच्यावर डावा हात नुसता वजनासारखा ठेवलेला, आणि उजव्या हातात पुरचुंडी. त्याने ती कधी बांधली मला माहीत नाही. एका हाताने कशी बांधली तेही माहीत नाही. फिरवत होता, थांबत नव्हता. मग पुरचुंडी बाजूला ठेवून त्याने बाही वर केली आणि डाव्या हाताचा मनगटावरचा भाग, जिथे त्याला लागतं तेवढाच, पाटीवरून हळू घासून नेला.

"अजून एक हात लागेल," तो म्हणाला.

"संध्याकाळी येते, मग देते."

"नको. तू जा. मी देतो."

मी चप्पल घातली, जिना उतरले, नाक्यावरच्या शेअर रिक्षात बसले. रिक्षा भरायची वाट बघत उभी होती. शेजारी एक बाई होती, मांडीवर झेंडूची पिशवी. कानसई ओलांडेपर्यंत मी ठीक होते. त्यानंतर मला रडू यायला लागलं. थांबेना. पदराने तोंड झाकलं तरी खांदे हलत होते.

"काय झालं, ताई?" बाईने विचारलं. "घरी काही झालं काय?"

मला सांगताच येईना. शेवटी म्हटलं, "काही नाही हो. आमच्या ह्यांनी गिटारला पॉलिश केलं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग झेंडूची पिशवी पायाशी ठेवून मला टेकायला जागा केली.